गोंगाटातून संदेश : संदेशवाहिनीच्या कमाल वेगाचे गणित

घटक ४

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• ‘बिट’, ‘पट्टारुंदी’ आणि ‘संकेत-गोंगाट गुणोत्तर’ या संकल्पनांचा अर्थ सांगता येईल.
• गोंगाट असलेल्या वाहिनीतून दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती पाठवता येते, हे सूत्राच्या साहाय्याने काढता येईल.
• ही मर्यादा कशामुळे निर्माण होते आणि ती काय सांगते, हे स्पष्ट करता येईल.
• भाषेतील अतिरिक्तता आणि संदेशाचे गोंगाटापासून होणारे रक्षण यांतील संबंध मराठीच्या उदाहरणांनी दाखवता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शॅनन आणि वीव्हर यांचे संज्ञापनाचे प्रारूप पाहिले. प्रेषक, वाहिनी, ग्राहक आणि या मार्गात मध्येच शिरणारा गोंगाट अशी त्याची रचना आहे. संज्ञापनशास्त्राच्या पुढील ग्रंथांत ‘गोंगाट’ हा शब्द बराच सैलपणे वापरला गेला. ऐकणाऱ्याचे पूर्वग्रह, बोलणाऱ्याची बोली, वर्गाबाहेरची वर्दळ, असे सर्व अडथळे त्यात सामावले गेले. मूळ मांडणीत मात्र गोंगाट ही मोजता येणारी राशी आहे. ती मोजल्यावर एका साध्या प्रश्नाचे निश्चित उत्तर मिळते : दिलेल्या वाहिनीतून, तिच्यातील गोंगाटासह, दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येईल?

हा प्रश्न अभियंत्यांचा आहे, मराठीच्या विद्यार्थ्याने तो का अभ्यासावा, अशी शंका तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे कारण असे की, या उत्तराच्या मुळाशी भाषेविषयीचे एक महत्त्वाचे सत्य आहे. आपण बोलताना आवश्यकतेपेक्षा अधिक खुणा का वापरतो, एखादा शब्द ऐकू आला नाही तरी वाक्य का कळते आणि दूरध्वनी क्रमांक सांगताना मात्र एक अंक निसटला तरी सारे का बिघडते, या प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात. या घटकात गणित आहे. पण ते गुणाकार आणि घातांक यांपलीकडचे नाही. प्रत्येक पायरी कागदावर स्वतः करून पाहा.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ प्रश्न कसा निर्माण झाला?

१६ ऑगस्ट १८५८ रोजी अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारायंत्र-केबलवरून व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना पाठवण्यात आला. संदेश ९८ शब्दांचा होता. तो पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. पाठवलेला विजेचा प्रत्येक स्पंद हजारो किलोमीटरच्या प्रवासात पसरट होई आणि पुढच्या स्पंदात मिसळून जाई. स्पंद वेगाने पाठवले, तर पलीकडच्या टोकाला ते ओळखता येत नसत.

केबलच्या कामावरील विद्युत्-तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी यावर उपाय म्हणून विजेचा दाब खूप वाढवला. संकेत अधिक जोरकस केला, तर तो ऐकू येईल, असा त्यांचा तर्क होता. केबल आधीच सदोष होती. या उच्च दाबाने तिचा शेवट लवकर झाला, असे मानले जाते. काही आठवड्यांतच ती निकामी झाली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी वेगळी दिशा धरली होती : संकेत क्षीणच ठेवावा आणि तो ओळखणारे उपकरण अधिक संवेदनशील करावे.

या प्रसंगातून जो प्रश्न पुढे आला, तो जवळजवळ ९० वर्षे पूर्णपणे सुटला नाही. संदेश वेगाने पाठवायचा असेल, तर नेमके काय वाढवावे लागते? ताकद, तारेची गुणवत्ता, की आणखी काही? आणि सर्व काही उत्तम केले, तर वेगाला काही अंत आहे की नाही?

४.३.२ माहिती कशी मोजावी?

वेग मोजायचा, तर आधी माहिती मोजता आली पाहिजे. शॅनन यांनी त्यासाठी ‘बिट’ हे एकक स्वीकारले. दोन समान शक्यतांतून एकीची निवड करणे म्हणजे एक बिट माहिती. ‘हो’ की ‘नाही’, याचे उत्तर एक बिट.

समजा, तुमच्या मैत्रिणीने मनात आठवड्यातील एक वार आणि त्यांत ‘यांपैकी कोणताही नाही’ हा पर्याय मिळून ८ शक्यतांपैकी एक धरली आहे. तुम्ही फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारू शकता. पहिल्या प्रश्नाने ८ शक्यता ४ वर येतील, दुसऱ्याने २ वर आणि तिसऱ्याने एकच उरेल. म्हणून ८ शक्यतांतील निवड म्हणजे ३ बिट. १६ शक्यता असतील तर ४ बिट, ३२ असतील तर ५.

२ चा तिसरा घात ८ होतो. म्हणून ८ चा ‘२ या पायाचा लॉगरिथम’ ३ आहे, असे गणितात म्हणतात. या घटकात जेथे जेथे ‘लॉग’ असे लिहिले आहे, तेथे २ या पायाचाच लॉगरिथम समजावा. लॉगचा एक गुण ध्यानात ठेवा : शक्यता दुप्पट झाल्या की लॉग केवळ १ ने वाढतो. पुढील सर्व विवेचन या मंद वाढीवर आधारलेले आहे.

येथे एक सूचना आवश्यक आहे. या मोजणीत अर्थाला स्थान नाही. ‘आई बरी आहे’ या संदेशाने घरात जो आनंद होतो, तो बिटांत मोजला जात नाही. किती संभाव्य संदेशांतून हा एक निवडला गेला, एवढेच मोजले जाते. अर्थाचे प्रश्न आपल्या या विषयाच्या कक्षेबाहेरचे आहेत, हे शॅनन यांनी आरंभीच स्पष्ट केले होते. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही मर्यादा विसरू नये.

४.३.३ पहिली मर्यादा : पट्टारुंदी

प्रत्येक वाहिनी काही ठरावीक वारंवारतांच्या लहरीच नीट वाहून नेते. या वारंवारतांच्या वरच्या व खालच्या टोकांतील अंतरास ‘पट्टारुंदी’ म्हणतात. ती हर्ट्झ या एककात मोजतात. ध्वनीसाठी वापरली जाणारी पारंपरिक दूरध्वनी-वाहिनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेते. म्हणजे तिची पट्टारुंदी ३१०० हर्ट्झ.

ध्वनिविचार शिकताना तुम्ही ऊष्म वर्ण अभ्यासले आहेत. ‘स’सारख्या वर्णाची बरीच शक्ती ३४०० हर्ट्झच्या वरच्या भागात असते. तो भाग दूरध्वनीत कापला जातो. म्हणूनच आडनाव सांगताना ‘स’ की ‘श’ की ‘फ’ असा घोटाळा होतो. तो ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष नसतो; वाहिनी अरुंद असते.

बेल प्रयोगशाळांच्या परंपरेतील हॅरी नायक्विस्ट यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की, ‘प’ हर्ट्झ पट्टारुंदीच्या वाहिनीतून दर सेकंदाला जास्तीत जास्त २ × प एवढेच स्वतंत्र स्पंद एकमेकांत न मिसळता पाठवता येतात. प्रत्येक स्पंदाला किती वेगवेगळ्या पातळ्या देता येतात, त्यावर त्यातील माहिती ठरते. यावरून गोंगाट नसलेल्या वाहिनीसाठी पुढील सूत्र मिळते :

वेग = २ × प × लॉग (पातळ्यांची संख्या)

दूरध्वनी-वाहिनीसाठी हे सूत्र वापरून पाहू. फक्त २ पातळ्या असतील, तर लॉग १ येतो आणि वेग ६,२०० बिट प्रतिसेकंद. ४ पातळ्या केल्या, तर १२,४००. ८ केल्या, तर १८,६००. १६ केल्या, तर २४,८००.

आता तुमच्या लक्षात एक अडचण आली असेल. पातळ्या ३२, ६४, हजार, लाख अशा वाढवत गेलो, तर वेगही वाढतच जाईल. मग मर्यादा कोठे आहे? सूत्रात ती कोठेच दिसत नाही. कारण या सूत्रात गोंगाट नाही.

४.३.४ दुसरी मर्यादा : गोंगाट

तारेतील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अस्थिर हालचाल करीत असतात. त्यामुळे कोणीही बोलत नसले, तरी तारेत एक बारीक खरखर असते. १९२८ मध्ये जॉन जॉन्सन यांनी ती मोजली आणि नायक्विस्ट यांनी तिची उपपत्ती सांगितली. उपकरण कितीही चांगले बनवले, तरी जोवर ते उष्ण आहे, तोवर ही खरखर राहणारच.

पातळ्या वाढवल्या म्हणजे त्या एकमेकींच्या जवळ येतात. पट्टीवरील खुणा फार जवळ काढल्या आणि पट्टी धरणारा हात थरथरत असला, तर कोणती खूण वाचली हे सांगता येणार नाही. तसाच हा प्रकार आहे. दोन पातळ्यांतील अंतर गोंगाटाच्या थरथरीपेक्षा कमी झाले की त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत.

म्हणून महत्त्वाची ठरते ती संकेताची शक्ती आणि गोंगाटाची शक्ती यांची तुलना. तिला ‘संकेत-गोंगाट गुणोत्तर’ म्हणतात. संकेताची शक्ती गोंगाटाच्या १,००० पट असेल, तर गुणोत्तर १,०००. हे गुणोत्तर बहुधा डेसिबलमध्ये देतात. १० पट म्हणजे १० डेसिबल, १०० पट म्हणजे २० डेसिबल, १,००० पट म्हणजे ३० डेसिबल. दोन्ही शक्ती समान असतील, तर ० डेसिबल. सूत्रात मात्र डेसिबलचा आकडा तसाच घालू नये. आधी त्याचे साध्या गुणोत्तरात रूपांतर करावे. परीक्षेत या ठिकाणी सर्वाधिक चुका होतात.

४.३.५ शॅनन यांचे सूत्र

बेल प्रयोगशाळांत काम करणारे गणितज्ञ क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये संज्ञापनाच्या गणिती सिद्धांतावरील आपला निबंध दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यात पट्टारुंदी आणि गोंगाट या दोन्ही मर्यादा एका सूत्रात एकत्र आल्या :

क = प × लॉग (१ + स ÷ ग)

येथे ‘क’ म्हणजे वाहिनीची कमाल क्षमता (बिट प्रतिसेकंद), ‘प’ म्हणजे पट्टारुंदी (हर्ट्झ), ‘स’ म्हणजे संकेताची शक्ती आणि ‘ग’ म्हणजे गोंगाटाची शक्ती. गोंगाट पूर्णपणे यादृच्छिक असून संपूर्ण पट्ट्यावर सारखा पसरलेला आहे, असे यात गृहीत धरले आहे.

सोडवलेले उदाहरण : दूरध्वनी-वाहिनीची पट्टारुंदी ३१०० हर्ट्झ आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर ३० डेसिबल आहे. तिची कमाल क्षमता काढा.

पायरी १ : ३० डेसिबल म्हणजे स ÷ ग = १,०००.
पायरी २ : १ + १,००० = १,००१.
पायरी ३ : १,००१ चा लॉग काढा. २ चा दहावा घात १,०२४ असल्यामुळे उत्तर १० पेक्षा किंचित कमी येणार, हे आधीच सांगता येते. गणकयंत्रावर १० या पायाचा लॉगरिथम मिळतो, त्यास ०.३०१०३ ने भागावे. ३.०००४ ÷ ०.३०१०३ = सुमारे ९.९६७.
पायरी ४ : ३१०० × ९.९६७ = सुमारे ३०,८९८ बिट प्रतिसेकंद.

या आकड्याचा अंदाज येण्यासाठी आपल्या लिपीचे उदाहरण घेऊ. संगणकावर आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे २४ बिट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत. म्हणजे १२० बिट. अशी २,५०० चिन्हे असलेले एक पान ६०,००० बिटांचे होईल आणि या वाहिनीवरून ते सुमारे २ सेकंदांत जाईल.

नायक्विस्ट यांचे सूत्र येथे निरुपयोगी ठरले, असे समजू नका. गुणोत्तर १,००० असता किती पातळ्या वेगळ्या ओळखता येतील? १,००१ चे वर्गमूळ सुमारे ३१.६ आहे. तेवढ्या पातळ्या नायक्विस्ट यांच्या सूत्रात घातल्या, तर २ × ३१०० × लॉग (३१.६), म्हणजे जवळजवळ तेच उत्तर मिळते. पट्टारुंदीने स्पंदांची संख्या ठरते आणि गोंगाटाने पातळ्यांची. म्हणून व्यवहारात दोन्ही सूत्रे एकामागून एक वापरतात : शॅनन यांच्या सूत्राने कमाल मर्यादा काढावी, तिच्यापेक्षा थोडा कमी वेग निवडावा आणि नायक्विस्ट यांच्या सूत्राने त्यासाठी लागणाऱ्या पातळ्या ठरवाव्यात. आपल्या उदाहरणात १६ पातळ्या आणि २४,८०० बिट प्रतिसेकंद ही निवड सुरक्षित आहे. ३२ पातळ्यांनी येणारा ३१,००० चा वेग मर्यादा ओलांडतो.

४.३.६ सूत्र काय सांगते?

पट्टारुंदी ३१०० हर्ट्झ कायम ठेवून गुणोत्तर बदलत गेल्यास क्षमता पुढीलप्रमाणे येते :

४० डेसिबल (१०,००० पट) – ४१,१९२ बिट प्रतिसेकंद
३० डेसिबल (१,००० पट) – ३०,८९८
२० डेसिबल (१०० पट) – २०,६४०
१० डेसिबल (१० पट) – १०,७२४
० डेसिबल (समान) – ३,१००
उणे १० डेसिबल (दशांश) – ४२६

या कोष्टकातून तीन गोष्टी समजून घ्या.

(अ) शक्ती वाढवून मिळणारा लाभ अल्प असतो. शक्ती १,००० पटींवरून १०,००० पटींवर, म्हणजे दहापट नेली, तरी वेग जेमतेम एक तृतीयांशाने वाढतो. कारण शक्ती लॉगच्या आत आहे. व्हाइटहाउस यांचा ‘जोर वाढवा’ हा उपाय केबलसाठी घातक होताच. तो यशस्वी झाला असता, तरी त्यातून फारसे हाती लागले नसते.

(आ) पट्टारुंदी लॉगच्या बाहेर आहे. म्हणून तिचा परिणाम मोठा असतो. पट्टा दुप्पट केला की अधिक गोंगाटही आत येतो, हे विसरू नये. ३१०० ऐवजी ६२०० हर्ट्झ घेतले आणि संकेताची शक्ती तेवढीच ठेवली, तर गुणोत्तर १,००० वरून ५०० वर येते. तरीही क्षमता ६२०० × ८.९६९, म्हणजे सुमारे ५५,६०६ होते. याउलट पट्टा तोच ठेवून शक्ती दुप्पट केली असती, तर ती सुमारे ३३,९९६ वरच थांबली असती.

(इ) गोंगाट संकेताइतका किंवा त्याहून मोठा असला, तरी क्षमता शून्य होत नाही. १९७७ मध्ये सोडलेली व्हॉयेजर याने सुमारे २३ वॉटच्या प्रेषकाने अब्जावधी किलोमीटरवरून पृथ्वीशी बोलत आली आहेत. पृथ्वीवर पोहोचणारा त्यांचा संकेत अत्यंत क्षीण असतो. त्यामुळे वेग १६० बिट प्रतिसेकंद इतका कमी ठेवावा लागतो. पण संदेश पोहोचतो.

आपल्या देशातील अनुभवही या सूत्राशी जुळतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमने होत असे. मोडेमचा वेग ९,६००, १४,४००, २८,८०० असा वाढत ३३,६०० बिट प्रतिसेकंदापर्यंत गेला आणि दोन्ही बाजूंनी ध्वनीच्या पट्ट्यातून चालणाऱ्या मोडेमसाठी तेथेच थांबला. हा आकडा आपल्या ३०,८९८ पेक्षा मोठा दिसतो. पण नियम मोडलेला नाही. चांगल्या तारेवर गुणोत्तर ३५ डेसिबल असले, तर क्षमता सुमारे ३६,००० होते. पुढे आलेले ५६,००० चे मोडेम अंकीय झालेल्या दूरध्वनी केंद्राचा लाभ घेत. त्यांच्यासाठी वाहिनीच वेगळी झाली होती. त्यानंतर त्याच तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड आले आणि वेग एकदम लाखो बिटांवर गेला. तार तीच राहिली. ध्वनीसाठी राखलेला ३१०० हर्ट्झचा पट्टा सोडून सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरात आला, हा त्यातील खरा बदल.

४.३.७ मर्यादेच्या आतील आश्वासन

येथपर्यंत आपण सूत्राकडे केवळ बंधन म्हणून पाहिले. शॅनन यांच्या प्रमेयाची दुसरी बाजू अधिक विलक्षण आहे.

१९४८ पूर्वी साधारण समज असा होता की, चुका कमी करायच्या तर वेग कमी करत जावे लागते. चुका शून्याकडे न्यायच्या, तर वेगही शून्याकडे जाणार. आपला अनुभवही तसाच असतो. दूरध्वनीवर नाव नीट कळत नसले की आपण ‘क कमळातला’, ‘ब बदकातला’ असे सांगतो. एका अक्षरासाठी संपूर्ण शब्द खर्च होतो. चूक टळते, पण वेळ जातो.

हे आकड्यांत पाहू. समजा, वाहिनीत दर १० बिटांमागे सरासरी १ बिट चुकतो. प्रत्येक बिट ३ वेळा पाठवला आणि बहुमताने निर्णय घेतला, तर चुकांचे प्रमाण शेकडा १० वरून २.८ वर येते; परंतु वेग एक तृतीयांश होतो. ५ वेळा पाठवला, तर चुका शेकडा ०.८६ होतात आणि वेग एक पंचमांश. असेच पुढे गेल्यास चुका नाहीशा होण्याआधी वेगच नाहीसा होईल.

शॅनन यांनी सिद्ध केले की, असे होण्याचे कारण नाही. या वाहिनीची क्षमता सुमारे ०.५३ आहे. म्हणजे मूळ वेगाच्या निम्म्याहून थोडा अधिक वेग राखूनही चुका हव्या तितक्या कमी करता येतात. अट एवढीच की, वेग क्षमतेच्या खाली हवा आणि बिटांचे रक्षण सुटे सुटे न करता मोठ्या गटांचे एकत्र करावे. गट मोठा असला की त्यातील चुकांची संख्या सरासरीच्या जवळ राहते आणि संपूर्ण गटाच्या घडणीवरून चुकलेले बिट ओळखता येतात. याची किंमत वेगाने द्यावी लागत नाही. थोड्या विलंबाने आणि अधिक गणिताने द्यावी लागते. क्षमतेच्या वरचा वेग निवडला, तर मात्र चुका हव्या तितक्या कमी करणे कोणत्याही युक्तीने शक्य नाही.

अशी संकेतने अस्तित्वात आहेत, हे प्रमेयाने सांगितले. ती कशी बनवावीत, हे सांगितले नाही. तो शोध पुढे कित्येक दशके चालला. रॉबर्ट गॅलेजर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मांडलेली एक पद्धत त्या काळच्या यंत्रांना झेपणारी नव्हती. १९९३ मध्ये ‘टर्बो’ संकेतने पुढे आली आणि मर्यादेच्या अगदी जवळ जाता येते, हे प्रत्यक्षात दिसले. गॅलेजर यांच्या पद्धतीचे वारसदार आज पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेत वापरले जातात.

४.३.८ भाषा आणि अतिरिक्तता

आता आपल्या विषयाकडे येऊ. पुढील वाक्य दूरध्वनीवर तुटक ऐकू आले, असे समजा :

‘माझी धाकटी ब… काल पुण्याला गेली.’

निसटलेला शब्द ‘बहीण’ असणार, हे तुम्ही क्षणात सांगाल. कशावरून? ‘ब’ हे अक्षर मिळाले आहे, हे एक. ‘माझी’, ‘धाकटी’ आणि ‘गेली’ या तिन्ही रूपांनी स्त्रीलिंग सांगितले आहे, हे दुसरे. नातेवाचक नामाचीच अपेक्षा आहे, हे तिसरे. एकच माहिती मराठीने तीन ठिकाणी नोंदवली. काटकसरीच्या दृष्टीने हा अपव्यय आहे. गोंगाटाच्या दृष्टीने हे संरक्षण आहे. विशेषण, नाम आणि क्रियापद यांच्या लिंगवचनांची संगती व्याकरणात नियम म्हणून शिकवली जाते. संज्ञापनाच्या दृष्टीने ती चूक दुरुस्त करणारी यंत्रणा आहे. शिवाय ती शब्द सुटा सुटा वाचवत नाही. संपूर्ण वाक्याच्या घडणीतून वाचवते. मोठ्या गटाचे एकत्र रक्षण करावे, हे शॅनन यांचे तत्त्वही हेच आहे.

संदेशातील अशा अधिकच्या खुणांना ‘अतिरिक्तता’ म्हणतात. १९४८ च्या निबंधात शॅनन यांनी इंग्रजी लेखनाची अतिरिक्तता सुमारे निम्मी असल्याचा अंदाज दिला होता. म्हणजे लिहिताना निम्मा भाग भाषेच्या रचनेनेच ठरतो. उरलेल्या निम्म्याची निवड लेखक करतो.

याच्या उलट दूरध्वनी क्रमांक पाहा. त्यातील एक अंक ऐकू आला नाही, तर शेजारच्या अंकांवरून तो ओळखता येत नाही. अंकांत व्याकरण नसते. म्हणून आपण क्रमांक दोनदा सांगतो. जेथे चूक महाग पडते, तेथे अतिरिक्तता मुद्दाम निर्माण करावी लागते. आधार क्रमांकाच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा अंक चुकीचा लिहिला गेला, तर तो जुळत नाही आणि चूक उघडी पडते. भाषेने जे शतकानुशतकांच्या वापरातून मिळवले, ते येथे एका अंकाने थोडेसे साधले आहे.

४.४ सारांश

वाहिनीतून दर सेकंदाला पाठवता येणाऱ्या माहितीला एक निश्चित कमाल मर्यादा असते. पट्टारुंदीने दर सेकंदाच्या स्पंदांची संख्या ठरते आणि संकेत-गोंगाट गुणोत्तराने प्रत्येक स्पंदात मावणारी माहिती ठरते. क = प × लॉग (१ + स ÷ ग) या सूत्रात दोन्ही एकत्र येतात. शक्ती वाढवल्याने क्षमता मंद गतीने वाढते. पट्टारुंदी वाढवल्याने अधिक वाढते. गोंगाटामुळे बिनचूक संदेशवहन अशक्य होत नाही. त्याच्या वेगाला सीमा पडते. त्या सीमेच्या आत राहून योग्य संकेतन केल्यास चुका हव्या तितक्या कमी करता येतात. नैसर्गिक भाषांतील अतिरिक्तता हे अशाच संरक्षणाचे रूप आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

बिट : दोन समान शक्यतांतून एकीची निवड करण्याइतकी माहिती.
पट्टारुंदी : वाहिनी नीट वाहून नेत असलेल्या वारंवारतांच्या दोन टोकांतील अंतर.
संकेत : संदेश वाहून नेणारी विद्युत् वा अन्य लहर.
गोंगाट : संकेतात मिसळणारी यादृच्छिक अस्थिरता.
वाहिनीची क्षमता : चुका हव्या तितक्या कमी ठेवून गाठता येणाऱ्या वेगाची कमाल मर्यादा.
अतिरिक्तता : संदेश ओळखण्यास किमान आवश्यक असलेल्या खुणांहून अधिक खुणा असणे.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ६४ समान शक्यतांतील एकीची निवड म्हणजे किती बिट माहिती?
२. पट्टारुंदी ४,००० हर्ट्झ आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर १५ असल्यास वाहिनीची क्षमता काढा.
३. प्रश्न २ मधील वाहिनीसाठी तो वेग गाठण्यास नायक्विस्ट यांच्या सूत्रानुसार किती पातळ्या लागतील?
४. २० डेसिबल म्हणजे किती पट?

उत्तरे : १. ६ बिट. २. ४,००० × लॉग (१६) = १६,००० बिट प्रतिसेकंद. ३. ४ पातळ्या. ४. १०० पट.

४.७ स्वाध्याय

१. ‘संकेताची शक्ती वाढवण्यापेक्षा पट्टारुंदी वाढवणे अधिक लाभदायक असते.’ हे विधान आकड्यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. गोंगाट आणि बिनचूक संदेशवहन यांच्या संबंधाविषयीचा १९४८ पूर्वीचा समज आणि शॅनन यांचा निष्कर्ष यांची तुलना करा.
३. मराठी वाक्यातील लिंगवचनांची संगती ही अतिरिक्ततेचे उदाहरण कशी ठरते, ते तुमच्या बोलीतील तीन वाक्यांच्या आधारे लिहा.

उपक्रम : वृत्तपत्रातील एक परिच्छेद घ्या. त्यातील प्रत्येक पाचवा शब्द झाकून तो परिच्छेद मित्राला वाचण्यास द्या आणि त्याने किती शब्द बरोबर ओळखले, ते नोंदवा. हाच प्रयोग एका कवितेवर आणि एका दूरध्वनी-क्रमांकांच्या यादीवर करा. तिन्ही निष्कर्षांतील फरकाची कारणे या घटकातील संकल्पनांच्या आधारे एका पानात लिहा.